फोनवर रडणारी मुलगी

आमच्या घराला बारदान्याचा वास होता. गेवराईत बाजाराच्या रस्त्याला पुढं दुकान, मागं घर आणि मधे जुन्या ताडपत्रीचा पडदा. दुकानात पोती, सुतळी, दावी, कासरे, ताडपत्र्या. घरात आई, अप्पा आणि मी. तो वास आमच्या कपड्यांत असायचा, केसांत असायचा, आणि शाळेत मी बाकावर येऊन बसले की शेजारची मुलगी मान वर न करताच म्हणायची, "आली गौरी." दसरा जवळ आला की ऊसतोडीला निघणारी कुटुंबं खोपीवर टाकायला ताडपत्री न्यायला यायची. शिरूर कासारकडच्या बायका टेम्पो करून यायच्या. त्या ताडपत्री नुसती हातानं चाचपून घेत नसत; रस्त्यावर नेऊन चारी कोपरे धरून उन्हात वर उचलायच्या आणि एखादी म्हातारी खाली शिरून भोकं शोधायची. निळ्या उजेडात तिचा चेहराही निळा दिसायचा. अप्पा दारात उभे राहून शांतपणे बघत राहायचे. माल चांगला आहे असं ते तोंडानं कधी सांगायचे नाहीत. सकाळी लिंगपूजा झाली की कपाळावरची विभूती न पुसता ते गल्ल्यावर बसत आणि दिवसभरात मोजकंच बोलत.

बोलायचं काम आईचं. सातवीपर्यंत शिकलेली आई दुपारी दुकान सांभाळायची, कारण अप्पा त्या वेळी माल बघायला बीडला नाहीतर तिकडं मांजरसुंब्याला ट्रान्सपोर्टवर गेलेले असायचे. एकीकडं गिऱ्हाइकाशी बोलत ती पडद्याआडच्या शेगडीवर लक्ष ठेवायची. येसराच्या आमटीला उकळी आली की तिला वासावरून कळायचं आणि ती बोलणं अर्ध्यावर सोडून आत जायची. गिऱ्हाईक थांबायचं. शेजारी रुकसानाखालाचं घर. तिच्या नवऱ्याची फळांची गाडी होती. सीताफळं पिकत घालायला खाला आमच्याकडून फाटकी पोती न्यायची आणि फळं पिकली की त्यातली चार-सहा त्याच पोत्यावर ठेवून आणून द्यायची. आई आणि खाला रोज भांडायच्या, म्हणजे नळाच्या पाण्यावरून. आणि रोज संध्याकाळी पायरीवर बसून शेंगा फोडायच्या. माझ्या लहानपणातले मोठ्या माणसांचे आवाज आठवायचे म्हटलं की मला त्या दोघींचेच आठवतात.

मला छत्रपती संभाजीनगरला फार्मसीला प्रवेश मिळाला तेव्हा अप्पा पहिल्यांदा बोलके झाले. ते बोलकेपण सगळं फोनवर उतरलं. त्यांनी माझा फोटो काढला, हातात पेढ्याचा पुडा, आणि तो सगळ्या गटांत टाकला. समाजाच्या गटात, व्यापाऱ्यांच्या गटात, वर्गमित्रांच्या गटात. खाली माझं नाव, कॉलेजचं नाव, आणि शेवटी सवयीनं दुकानाचं नाव आणि नंबर. कोणी अभिनंदन केलं की ते आईला वाचून दाखवत. मी लाजून आत जायची, पण पडद्याआडून ऐकत राहायची. आज कुणी मुलांचे असे फोटो टाकताना दिसलं की माझ्या जिभेवर शब्द येतात, पण मी बोलत नाही. त्या फोटोतला अप्पांचा आनंद खोटा नव्हता.

तो फोन आला त्या दुपारचं मी डोळ्यांनी काही पाहिलेलं नाही. आईनं पुढं कधीतरी तुकड्यातुकड्यानं सांगितलं, खालानं तिचं सांगितलं, ते मी जोडून लिहिते आहे. अप्पा बीडला गेले होते. दुकानात कुणी नव्हतं. दुकानाच्या नंबरावर फोन वाजला तो व्हॉट्सअपवर, आणि फोनच्या पडद्यावर खाकी वर्दीतल्या माणसाचा फोटो, खांद्यावर तारे. आईनं उचलला. पलीकडचा माणूस हिंदी-मराठी मिसळून बोलत होता आणि त्याच्या मागं वायरलेसवर बोलल्यासारखा खरखराट चालला होता. "गौरी की माताजी बोल रही हैं?" त्यानं विचारलं. मग कॉलेजचं नाव घेतलं. मग म्हणाला, आम्ही एका हॉटेलवर छापा टाकला, चार मुली धंदा करताना सापडल्या, त्यात तुमची गौरी आहे. आईनं काही विचारायच्या आत त्यानं फोन कुणाजवळ तरी धरला आणि एक मुलगी रडायला लागली. मला सोडवा, मला सोडवा. लगेच पुन्हा त्याचा आवाज. "फोन काटना मत. काटा तो नाम पेपर में जाएगा. किसी को बताया तो भी जाएगा. लडकी की जिंदगी का सवाल है."

आई फोन कानाला लावून दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून आत बसली. शटर का ओढलं, ते मला खूप दिवस कळत नव्हतं. तिला चोराची भीती नव्हती. फोनमधून बाहेर पडणारं माझं नाव रस्त्यावर जाऊ नये म्हणून तिनं ते ओढलं होतं. तो माणूस सांगेल तसं तिनं दुकानाच्या खात्यातलं होतं नव्हतं ते पाठवलं. ते मिळाल्यावर तो जास्त मऊ बोलायला लागला. साहेब तयार आहेत, फक्त वरच्यांचं बघावं लागेल, आणखी थोडं करा. आईनं गळ्यातली बोरमाळ काढली. सराफाकडं जायचं तर रस्त्यावरून जावं लागणार, कुणी विचारणार. म्हणून ती मागच्या दारानं खालाकडं गेली. एका हातात माळ, दुसरा हात फोन धरून कानाला.

"काय झालं वो भाभी?" खालानं विचारलं.

आईनं माळ पुढं केली.

"ही कावून देताय मला? भैया ठीक हाय ना?"

आईनं मान हलवली, पण डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि फोनमधून तो माणूस "माताजी, माताजी" करत होता. खाला मला नंतर म्हणाली, "बेटा, तुझी आई त्या फोनला अशी धरून उभी होती जशी त्याच्या पलीकडं तूच लटकली हाईस." खालानं तिच्या हातातून तो काढायचा प्रयत्न केला तर आईनं सोडला नाही. शेवटी तिनं फोन पदरानं दाबला आणि खालाच्या कानाशी जाऊन कसंबसं सांगितलं. सगळं नाही सांगितलं. एवढंच म्हणाली, "गौरीला पोलिसांनी धरलंय."

"गौरीशी बोललात का?"

"रडायली ना ती. ऐकलं मी."

"तिच्या फोनवर? तिच्या नंबरावर लावला का तुमी?"

"फोन ठेवायचा न्हाई म्हणलेत ते."

खाला म्हणाली, "तुमी नका ठेवू. मी माझ्यावरून लावते." तिला पोलिसांची भीती नव्हती असं नाही. खोटं असेल हे तिच्याही डोक्यात आलं नव्हतं. तिला फक्त माझ्याशी बोलायचं होतं.

मी प्रॅक्टिकलला होते. फोन बॅगेत, बॅग प्रयोगशाळेच्या बाहेर. खालाचा फोन वाजून वाजून बंद झाला. पुन्हा वाजून बंद झाला. ती मधली वेळ त्या दोघींनी कशी काढली ते मी कधी विचारलं नाही. मी उचलला नाही याचा त्या घरात एकच अर्थ निघत होता.

प्रॅक्टिकल सुटलं, मी पांढरा एप्रन अंगावर तसाच ठेवून मैत्रिणींबरोबर पायऱ्यांवर चहा घेत उभी होते, तेव्हा बॅगेत फोन थरथरला. खाला मला कधी फोन करत नसे. माझ्या मनात आलं, अप्पांना काही झालं.

"बेटा, तू कुठं हाईस?"

"कॉलेजात. काय झालं खाला?"

पलीकडून श्वास सोडल्याचा आवाज आला, मग खालाचं "या अल्लाह", मग फोन हातातून हातात गेला. आई आली. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. तिनं दबक्या आवाजात विचारलं, "खरं सांग गौरी. तू कुठं हाईस?"

"आई, कॉलेजात आहे ना. चहा पितेय."

"कुणी शेजारी उभं हाय का तुझ्या? कुणी बोलायला लावतंय का?"

"मैत्रिणी आहेत. काय झालंय तुला?"

"व्हिडिओ लाव," आई म्हणाली. "कॉलेज दाखव मला."

मी लावला. खालाच्या फोनमध्ये आईचा चेहरा अर्धाच दिसत होता, कपाळ आणि एक डोळा. ती म्हणाली, फिरव. मी फोन फिरवला. पाटी दाखवली, पायऱ्या दाखवल्या, झाड दाखवलं. "तुझे कपडे दाखव," ती म्हणाली. मी एप्रन दाखवला. "बाई कोण हाय का तुमची, त्यांना दे." तेवढ्यात आमच्या मॅडम दारातून बाहेर येत होत्या. मी त्यांच्यासमोर फोन धरला आणि म्हणाले, "मॅडम, माझी आई विचारतेय मी इथं आहे का." मॅडम गोंधळल्या, हसल्या, म्हणाल्या, "हो हो, गौरी आत्ता माझ्याच प्रॅक्टिकलला होती." मैत्रिणींनी चहाचे कप तोंडाशीच धरले होते. मला अजून माहीत नव्हतं की माझ्याबद्दल काय सांगितलं गेलं आहे. तरी मला असं झालं की मी काहीतरी केलं आहे आणि ते सगळ्यांना कळलं आहे. लाज वाटायला काही केलेलं असावं लागतं असं तोवर मला वाटायचं.

पलीकडं तो माणूस आईच्या दुसऱ्या हातात अजून चालूच होता. माझ्या फोनमध्ये मला त्याचा आवाज ऐकू येत होता. खालानं तो फोन घेतला, त्याला दखनीत दोन शब्द सुनावले जे मी इथं लिहीत नाही, आणि बंद केला.

संध्याकाळच्या एसटीनं मी घरी आले. अप्पा परत आले होते. दुकानाचं शटर अर्धंच होतं. आई शेगडीपाशी पाठ करून बसली होती. ती वळली नाही. मी काय झालं ते खालाकडून फोनवर ऐकलं होतं, त्या माणसानं माझ्याबद्दल वापरलेले शब्द सोडून. ते शब्द अप्पांनी बोलून टाकले. "तुला वाटलंच कसं?" ते आईला म्हणत होते. "आपली पोरगी असं करील असं तुला वाटलंच कसं? लोकांना काय तोंड दाखवायचं?" ते पुन्हा तेच. मी दारात उभी होते आणि माझ्या तोंडून निघालं, "अप्पा, फोन तुम्ही उचलला असता तर?"

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं, मग आईकडं, मग खाली. पायात चपला घालून ते बाहेर गेले.

पोलीस ठाण्यात जायला आई तयार नव्हती. अप्पाही नव्हते. तक्रार करायची म्हणजे त्यानं काय सांगितलं ते सांगावं लागणार, ते लिहून घेणार, गाव लहान, ठाण्यात ओळखीचे. "गेलं ते गेलं," अप्पा म्हणाले. मी वादाला तयार नव्हते, पण मला एक कळत होतं: आम्ही गप्प बसलो तर आमच्या घरात कायमचं असं राहील की काहीतरी झाकलं आहे. खाला म्हणाली, "उशीर करू नका. पैसा पुढं जायच्या आत अडकतो म्हणतात." शेवटी सकाळी मी आणि आई गेलो, खाला बरोबर. हवालदारांनी बसवलं, पाणी दिलं. बाकावर दोन माणसं बसली होती, मोटारसायकलच्या कसल्याशा भांडणाची. "काय सांगितलं फोनवर?" हवालदारांनी विचारलं. आईनं तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा विचारलं तर तिनं पदराचं टोक तोंडात धरलं. मग मी बोलले. "मी हॉटेलात धंदा करताना सापडले असं सांगितलं." माझा आवाज मोठा आला, कारण बारीक काढला असता तर तो फुटला असता. बाकावरच्या दोघांचं भांडण थांबलं. हवालदार लिहिता लिहिता वर न बघता म्हणाले, "असंच सांगतात, ताई. मुलगा असला की गांजात सापडला म्हणतात, मुलगी असली की हे. खरा पोलीस फोनवर पैसे मागत न्हाई, आन् फोन ठिवू नका बी म्हणत न्हाई. तसं कुणी म्हणलं की तिथंच ठिवायचा." मग आईकडं वळून म्हणाले, "मावशी, तुमी आलात हे बरं केलं. लोकं येत न्हाईत."

थोडी रक्कम कुठंतरी अडकवली गेली आणि बऱ्याच दिवसांनी परत आली. बाकीची गेली. त्यावर आमच्या घरात कधी बोलणं झालं नाही.

बोलणं झालं ते दुसऱ्याच प्रकारे. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होते. पडद्याआड धपाटे थापत होते आणि दुकानात शिरूरकडच्या बायका ताडपत्र्या बघत होत्या. त्यांच्यातल्या एकीची मुलगी बीडला वसतिगृहात राहते असं कळल्यावर आई एकदम म्हणाली, "मग ऐक बाई. तुला फोन यील. पोरीला धरलं म्हणत्याल. रडणं ऐकवत्याल. मला ऐकवलं. माझ्या गौरीनं वंगाळ काम केलं म्हणले, आन् मी खरं मानलं." "खरं मानलं?" ती बाई म्हणाली. "मानलं की," आई म्हणाली. "तू बी मानशील. तवा डोकं चालत न्हाई. म्हणून आत्ताच ठरवून ठिव. फोन ठिवायचा. आधी पोरीला लावायचा. न्हाई उचलला तर तिच्या मैत्रिणीला, बाईला लावायचा. आन् एकटीनं काही करायचं न्हाई, शेजारणीला हाक मारायची."

माझ्या हाताखालचा धपाटा फाटला. त्या बायका आता ताडपत्री घेऊन गावोगाव जाणार, आणि तिथं ताडपत्रीबरोबर माझं नाव आणि ते शब्द जाणार. त्या गेल्यावर मी आईवर ओरडले. म्हणाले, तुला दुसऱ्या कुणाचं नाव घालता येत नव्हतं का? ऐकीव आहे म्हणून सांगता येत नव्हतं का? आई म्हणाली, "ऐकीव म्हणलं की लोकं हसून सोडून देत्यात." त्या हंगामात तिनं ते प्रत्येक टोळीला सांगितलं. पुढच्याही. मी सुट्टीला येणं कमी केलं आणि अभ्यासाचं कारण दिलं.

आता मी स्वतः औषधांच्या दुकानात गल्ल्यापाशी उभी असते. लोकांच्या हातातले फोन वाजताना बघते, घाईनं बाहेर जाऊन बोलताना बघते, आणि कुणाचा चेहरा बदलला की माझी नजर तिथंच राहते. एकदा एका आजोबांना मी विचारलंही, कुणी घाबरवतंय का? ते म्हणाले, नातू दहावी पास झाला. मला हसू यायला हवं होतं.

आईशी ते सरळ बोलायला मला फार वेळ लागला. अप्पा गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात आम्ही दोघी पायरीवर शेंगा फोडत बसलो होतो. रस्त्यावर वर्दळ नव्हती. मी विचारलं, "आई, तो आवाज तुला खरंच माझा वाटला?"

ती शेंगा फोडत राहिली. म्हणाली, "न्हाई."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

"ती मम्मी म्हणत होती," आई म्हणाली. "तू मला कधी मम्मी म्हणलीस? मला तवाच खटकलं. हे खोटं हाय असं आलं मनात. ठिवायचा म्हणून अंगठा बी नेलता. मग वाटलं, पोरगी घाबरली की कसं बी बोलंल. मी ठिवला आन् तूच निघालीस तर?"

"म्हणजे मी तसलं काही केलं असेल असं..."

"असशील केलं, असं धरूनच गेल्ते मी," ती म्हणाली. "केलं आसंल तर केलं आसंल. त्याचं मग बघितलं असतं. आधी आणायचं होतं ना तुला घरी."

इतकी वर्षं मी एवढंच धरून बसले होते की आईनं माझ्याबद्दलचं वाईट खरं मानलं. कॉलेजच्या पायऱ्यांवर तिनं मला फिरवून फिरवून बघितलं, कपडे दाखवायला लावले, तो राग मी सुट्टीला घरी न जाऊन, फोन लवकर संपवून तिच्यावर काढत राहिले. तिनं ते खरं मानलं होतंच. आणि त्या माणसानं सांगितलेली जी मुलगी होती, हॉटेलात सापडलेली, पेपरात नाव येणार असलेली, तिला सोडवायला ती गळ्यातली माळ काढून मागच्या दारानं निघाली होती.

आईनं फोडलेले दाणे माझ्या ओंजळीत टाकले आणि म्हणाली, "खा की." मला मान वर करता येईना.